गवताची तपासणी

पिलाजीराव शिर्के यांचा जन्म गेला मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या तपासणी खात्यात. बाहेर जाणारा प्रत्येक नग आधी त्यांच्या बोटांखालून जायचा. नव्याण्णव साली मालकांनी स्वस्त परदेशी माल आणायला सुरुवात केली, खातं बंद केलं आणि पिलाजीरावांना नारळ दिला. पण त्या बोटांचं आता काय करायचं, हे कुणी सांगितलं नाही. सकाळी कोपऱ्यावर कंपनीच्या बसचा भोंगा वाजला की हे अर्धा चहा टाकून उठायचे. उठून जायचं कुठं?

म्हणून त्यांनी अंगणातल्या लॉनचं मनावर घेतलं. टेनामेंटचं हे बैठं घर बांधताना बिल्डरनं भरणीत विटांचे तुकडे ढकलले होते. वरची माती उन्हात दगड, पावसात चिखल. खत विकत आणणं स्वभावात नव्हतं. सोसायटीतला कडुलिंबाचा पाला, लारीवरच्या, म्हणजे हातगाडीवरच्या चहाचा चोथा, गाईवाल्या भरवाडाच्या गोठ्यातलं शेण, सगळं एका खड्ड्यात कुजवलं. उन्हाळाभर खालीवर केलं. मग ते भुसभुशीत खत चाळलं, पहारीनं जमिनीत भोकं पाडली, पातळ थर पसरला आणि खराट्यानं गवताच्या मुळाशी सारला. इथवर माणूस शहाणा.

मग तपासणी सुरू झाली. खुरपं घेऊन रोज इथं उकर, तिथं उकर. गांडुळं आली का? मुळं खाली गेली का? उकरलेलं गवत पिवळं पडायचं, की काळजीनं शेजारचा तुकडा उकरायचे. पावसाळ्यात सगळ्यांची अंगणं हिरवी झाली, यांच्या अंगणात नुसते खड्डे.

"अहो, विरजणात सारखं बोट घातलं तर दही लागेल का?" निरुपमाबाई नवऱ्याला म्हणाल्या.

"बघितल्याशिवाय कळणार कसं?"

"आणि नाही कळलं तर?"

पिलाजीराव खुरप्याची माती पुसू लागले. हे गवतही हातचं गेलं तर आपण कशाच्याच कामाचे उरलो नाही, ही भीती बायकोला सांगवेना.

एके दिवशी शेजारच्या नयनाबेननी कुंपणावरून मायेनं विचारलं, "पिलाजीभाई, रोज शुं शोधो छो? कंई खोवायुं छे?"

काही हरवलंय का, एवढंच विचारलं होतं बाईनं. पिलाजीरावांनी हातातल्या खुरप्याकडे बघितलं. "कंई नहीं, बेन," म्हणाले आणि घरात येऊन त्यांनी खुरपं निरुपमाबाईंच्या हातात दिलं. "लपवून ठेव. मागितलं तरी देऊ नकोस."

त्यांनी मागितलं. सारखं मागितलं. चिडले, पानावरून उठले. बाई बधल्या नाहीत. शेवटी ओट्यावर खुर्ची टाकून, हात मांड्यांखाली दाबून ते गवताकडे बघत बसू लागले.

श्रावण सरता सरता एका सकाळी लॉनवर साळुंकी उतरली. चार पावलं चालली, मान तिरकी केली, चोच खुपसली आणि लांबलचक गांडूळ ओढून काढलं. पाठोपाठ दुसरी आली. पिलाजीराव श्वास रोखून बघत राहिले.

निरुपमाबाई चहा घेऊन बाहेर आल्या. "बस गेली बरं का मघाशी," त्या म्हणाल्या.

"गेली का?" पिलाजीराव गवतावरची नजर न काढता म्हणाले, आणि त्यांनी बसल्या जागी सगळा चहा संपवला.