झोटवाड्यात बनलेली होडी

माझी मैत्रीण सांगलीजवळच्या, कृष्णाकाठच्या एका गावातली. विमा कंपनीत अधिकारी होती. बदली होऊन जयपूरला आली तेव्हा पहिल्याच दिवशी तिने ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला विचारलं, "इथे पाणी कुठे आहे?" त्या बिचाऱ्याने मानसरोवर कॉलनीत नळाला पाणी किती वाजता येतं, टँकर कुणाला सांगायचा, सगळं समजावून दिलं. हिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वैसा नहीं भाईसाहब. जिस में नाव चले, ऐसा पानी." तो दिवसभर हसत होता म्हणे.

आमची ओळख मानसरोवरातल्या भाजीच्या गाड्यावर झाली. मी तेव्हा बँकेत होते, अकोल्याहून बदलून येऊन चार वर्षं झाली होती. मागून आवाज आला, "भैया, ताजी वाली दो की!" हिंदी वाक्याला असा 'की' कोण लावणार? मी वळून विचारलं, "सांगली का कोल्हापूर?"

"सांगली," ती म्हणाली. "आणि तुम्ही?"

"अकोला."

"अरे वा. मग चहाला चला की."

त्या चहाला तिने मला तिच्या वडिलांबद्दल सांगितलं. ते शाळामास्तर, पण श्रावणात होड्यांच्या शर्यती लागल्या की शाळा, घर, सगळं विसरायचे. ही एकुलती एक. मुलींना शर्यतीच्या होडीत कोण बसवतंय? पण रोज सकाळी ते तिला छोट्या नावेतून पलीकडच्या काठाला न्यायचे आणि येताना वल्हं तिच्या हातात द्यायचे. "सात वर्षांची होते," ती म्हणाली. "वल्हं माझ्यापेक्षा उंच."

मला हे ऐकूनच कसंतरी झालं. मी लहानपणी आजोळी विहिरीच्या पायरीवरून घसरले होते. मामाने केस धरून वर काढलं. तेव्हापासून घोट्याच्या वर पाणी आलं की माझी छाती धडधडायला लागते. तसं मी तिला सांगितलंही. तिने फक्त "हं" केलं. तो "हं" काय होता, ते मला पुढे कळलं.

नोकरी, मुलीचं शिक्षण, नवऱ्याचं आजारपण आणि मग त्याचं जाणं, या सगळ्यात तिची वर्षं गेली. नाव तशीच मनात राहिली. निवृत्त झाल्यावर मात्र एका रविवारी तिने मला गाडीत घातलं आणि टोंक रोडने शहराबाहेर नेलं. तासाभरावर एक जुना बांध आहे, छोटं धरणच. त्या वर्षी पाऊस बरा झाला होता, पाणी दूरवर पसरलेलं. काठावर एक म्हातारा मासेमार जाळं सोडवत बसला होता. ही सरळ त्याच्याकडे गेली आणि म्हणाली, "बाबाजी, हमें घुमाओगे? पर चलाऊँगी मैं."

तो म्हणाला, "बाईसा, आप तो बैठो. चलाणो म्हारो काम है."

ती बसली. काठापासून थोडं आत गेल्यावर म्हणाली, "अब दो." काय वाटलं त्याला कोण जाणे, त्याने वल्ही दिली. तिने साडीचा पदर खोचला, पाय समोरच्या फळीला टेकवले आणि ती जुनी जड नाव अशी निघाली, की मी काठावरून बघतच राहिले. साठीची बाई, गुडघे दुखतात म्हणून लिफ्टशिवाय कुठे न जाणारी! परत आल्यावर म्हातारबाबा मला विचारायला लागले, ही शिकली कुठे, "आ कठै सीखी?" मी म्हटलं, "बहुत दूर."

पण ती नाव बाबांच्या पोटापाण्याची. दर रविवारी मागणार कशी? मग तिने स्वतःची होडी बनवायचं ठरवलं. जयपुरात होडी बनवणारा कुठे मिळणार? महिनाभर शोधल्यावर ती झोटवाड्यातल्या एका पत्र्याच्या कारखान्यात पोचली. तिथे कूलरच्या बॉड्या बनायच्या. तिने मिस्त्रींपुढे वहीत काढलेलं चित्र ठेवलं. मी शेजारी उभी होते. मिस्त्रींनी चित्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "मैडम, हम तो पानी को अंदर रखने का काम करते हैं. इस में तो बाहर रखना है."

"बस, वही पत्रा उलटा सोचो," ती म्हणाली.

मिस्त्री खुर्ची ओढून बसले. त्यांना ते आव्हानच वाटलं असावं. पुढचे दोन महिने आम्ही दर आठवड्याला झोटवाड्याला जायचो. तिथल्या गर्दीत गाडी लावायला जागा नाही, म्हणून मेट्रो आणि ऑटो. ती वाकून जोड तपासायची, मिस्त्री वैतागायचे, मग दोघं चहा प्यायचे. होडीच्या दोन्ही टोकांना हवाबंद डबे बसवायचे हा आग्रह तिचा. पाणी भरलं तरी बुडायला नको. आणि तळ सपाट ठेवायचा, चिखलात अडकणार नाही म्हणून, हे बांधावरच्या बाबांचं सांगणं.

होडी टेम्पोत घालून निघालो तेव्हा प्रत्येक सिग्नलला लोक विचारत होते, काय आहे हे? एका स्कूटरवाल्याने तर "हौज है क्या?" म्हणून विचारलं. ती खिडकीतून ओरडली, "नाव है भाई, नाव!" मी तिला म्हटलं, होडीवर काहीतरी नाव लिही. म्हणाली, "नावेला नाव कशाला? नाव ठेवलं की नावं ठेवणारे येतात."

पहिल्याच दिवशी होडी गळली. अर्ध्या तासात तिचे घोटे पाण्यात. मिस्त्री स्वतः बघायला आले होते. त्यांचा चेहरा उतरला. ती काठाला आली, पाण्याने निथळत, आणि म्हणाली, "मिस्त्रीजी, एक ही जगह से आया. बाकी सब जोड़ पक्के हैं." पुढच्या रविवारी त्यांनी डांबर आणि दोन माणसं आणली. त्यानंतर त्या होडीने पाण्याचा एक थेंब आत घेतला नाही.

मला तिने फार हळूहळू पाण्यात ओढलं. पहिले सहा रविवार मी नुसती काठावर चटई टाकून बसायचे आणि डबा सांभाळायचे. सातव्या रविवारी होडी काठाला बांधलेली असताना तिच्यात बसले. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय तीही पाण्यावर जात नसे आणि मला तर ती दोन घालायला तयार होती. मग गुडघाभर पाण्यात, ती बाहेर उभी राहून होडी धरणार आणि मी वल्ही मारणार. "अगं, पाण्याला मारू नकोस," ती ओरडायची. "वल्हं आत घाल, पाणी धर आणि अंग मागं टाक. एवढंच." मी मारायचेच. तिच्या अंगावर पाणी उडायचं.

तीन वर्षं असे रविवार गेले. माझी मजल मात्र गुडघाभर पाण्यापुढे कधी गेली नाही.

मग तिला पोटाचा आजार निघाला. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. तिची मुलगी गुरुग्रामला नोकरी करत होती, ती दर शनिवार-रविवार यायला लागली. पण एप्रिलमधल्या एका आठवड्यात तिला काही कामामुळे जमलं नाही आणि शनिवारी सकाळी मैत्रिणीचा फोन आला, "आज मला बरं वाटतंय. चल."

मी नको म्हटलं. दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा तिने नुसतंच "बघ बाई" म्हटलं आणि मी गाडी काढली.

बाबा त्या दिवशी कुठल्याशा लग्नाला गेले होते. काठावर कुणीच नव्हतं. पाणीही आटून बरंच आत गेलेलं. तिने जॅकेट घातलं, मला घालायला लावलं आणि होडीच्या मधल्या फळीवर बसली. मी तिच्यासमोर. "मी मारते वल्ही, थोडंसंच," म्हणाली. खरंच थोडंसंच मारलं तिने, दहा-बारा हात. मग थांबली. कपाळावर घाम. आम्ही जागा बदलल्या. होडी डुलली तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते.

"इथंच बसू थोडा वेळ," ती म्हणाली. आम्ही बसलो. पलीकडे टिटव्या ओरडत होत्या. तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा दिसत होता. मीही खाली न बघता तिच्याकडे बघत होते, त्यामुळे पश्चिमेकडचं आभाळ पिवळं झाल्याचं दोघींच्याही उशिरा लक्षात आलं.

जयपुरात राहणाऱ्याला आंधी सांगावी लागत नाही. आधी वारा पडतो, मग एकदम धुळीची भिंत येते. ती आली तेव्हा आम्ही काठापासून पन्नासेक पावलांवर असू. होडी आडवी फिरली आणि लाटा पत्र्यावर आपटायला लागल्या. माझ्या हातातलं एक वल्हं निसटलं, ते तिने वाकून पकडलं.

"मला येत नाही," मी म्हणाले. मला रडूच आलं होतं.

"येतं. माझ्याकडं बघ." तिचा आवाज इतका शांत होता, की मी बघितलं. वल्हवणाऱ्याची पाठ काठाकडे असते. मला काठ दिसत नव्हता, तिला दिसत होता. "मागं वळायचं नाही. काठ मी बघते. तू फक्त ओढ. उजवा... उजवा... आता दोन्ही. डावा हात झोपलाय तुझा, उठव त्याला!"

मी ओढत होते. तोंडात धूळ, डोळ्यांत धूळ. दिसत होती ती फक्त, डोक्याला ओढणी गुंडाळलेली, दोन्ही हातांनी होडीच्या कडा धरून बसलेली आणि मोजत असलेली. एक, दोन. एक, दोन. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. अचानक खाली खरखर झाली, होडी चिखलात रुतली आणि ती म्हणाली, "आली की."

आम्ही होडीतच बसून राहिलो, डोकी गुडघ्यांत घालून, वारा जाईपर्यंत. मग मी वर बघितलं. तिचा चेहरा धुळीने पिवळा झाला होता आणि ती हसत होती. "आता कुठं शिकलीस बघ," म्हणाली. घरी जाईपर्यंत मी तिच्यावर रागावलेली होते आणि मनातून मला इतका आनंद झाला होता, की माझाच माझ्यावर विश्वास बसत नव्हता.

ती भाद्रपदात गेली. शेवटचे दिवस दवाखान्यात होते, पण मुलगी शेजारी होती आणि मीही होते. ती फार बोलत नसे. एकदा तिने विचारलं, "पाऊस झाला का?" मी म्हटलं, झाला, बांध भरलाय. तिने मान हलवली.

मुलीचं बालपण जयपुरातच गेलेलं. मराठी बोलते, पण अडखळत. घर विकायचं म्हणून आवरताना ती मला म्हणाली, "मावशी, त्या नावचं काय करायचं? मतलब, मी तर कधी बसलीच नाही. आई म्हणायची चल, मी म्हणायची नंतर." एवढं बोलून ती कपाटातल्या साड्यांच्या घड्या पुन्हा पुन्हा घालत राहिली.

मी म्हटलं, आधी बघून तर येऊ.

ऑक्टोबरमध्ये आम्ही गेलो. होडी जागेवर नव्हती. बाबाही दिसेनात. मी काठाकाठाने शोधत निघाले. आणि मग मुलीने बोट दाखवलं. बांधाच्या उथळ कोपऱ्यात हिरव्या वेलींची दाट जाळी पसरली होती आणि तिच्यामधून आमची पत्र्याची होडी सावकाश सरकत होती. आत एक घुंघट घेतलेली बाई. एका वल्ह्याने होडी ढकलायची, थांबायची, वाकून वेल उचलायची आणि खालचे शिंगाडे तोडून होडीत टाकायची.

आम्हाला बघून ती घाबरली. घाईने काठाला आली. ती बाबांची सून होती. "बाईसा ने खुद कहा था," ती सांगायला लागली. "पूछ लो बापू को. पिछले साल मुझे चलाना भी सिखाया. पहले हम ट्यूब पर लटक के तोड़ते थे, कमर तक पानी में, ठंड में. बाईसा बोलीं, नाव रविवार को मेरी, बाकी दिन तेरी."

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. सूनबाईंना कधी शिकवलं असेल हिने? मी काठावर डबा सांभाळत बसायचे, ती "जरा चक्कर मारून येते" म्हणून पलीकडे जायची, तेव्हाच असणार.

मुलगी होडीजवळ गेली. मग तिने चपला काढल्या आणि विचारलं, "मैं बैठूँ?"

सूनबाईंनी खाली उतरून, शिंगाड्यांचा ढीग बाजूला सारून जागा केली. मी गाडीतून दोन्ही जॅकेटं आणली, एक मुलीला घातलं, एक मी घातलं आणि वल्ही मी घेतली. काठावर चार बायका शिंगाडे निवडत बसल्या होत्या, त्या हात थांबवून बघायला लागल्या. मला आतमध्ये भीती नव्हती असं नाही. पण हात कामाला लागले. मुलगी माझ्यासमोर बसली होती, आईच्याच बसण्याच्या लकबीने, दोन्ही हातांनी होडीच्या कडा धरून. मध्यावर गेल्यावर ती रडली. मी वल्हवत राहिले. थोड्या वेळाने तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "मावशी, तू वाकडी जातेय."

होडी तिथेच राहिली, सूनबाईंकडे. या वर्षी तिच्या नणंदेनेही शिंगाडे लावले आहेत आणि दोघी पाळीपाळीने ती वापरतात. मुलीने घर विकायचं रद्द केलं. महिन्यातून एकदा येते, शुक्रवारी संध्याकाळी, आणि रविवारी आम्ही बांधावर असतो. वल्ही आता तीच मारते, माझ्यापेक्षा किती तरी सरळ. येत्या वेळी ऑफिसातल्या दोन मैत्रिणींना आणणार आहे. त्यांना पोहता येत नाही, पाण्याची भीती वाटते, असं फोनवर सांगत होती. मी म्हटलं, येऊ दे, टोप्या आणायला सांग, ऊन फार लागतं. कांदेपोहे मी करून आणते.