दोन स्क्रीनच्या मधल्या दोघी

रक्त तपासणाऱ्या लॅबच्या मागच्या खोलीत दोन सख्ख्या जावा शेजारी शेजारी बसायच्या. थोरली वाचायची, धाकटी टाइप करायची. रक्त तपासणाऱ्या यंत्राचा कॉम्प्युटर वेगळा आणि रिपोर्ट छापणारा वेगळा, आणि वाटणीवरून बिनसलेल्या भावांसारखं त्या दोघांचं बोलणंच नव्हतं. मग ह्याचा निरोप त्याला पोचवायला मध्ये माणसं हवीत. त्या ह्या दोघी. थोरली चष्मा नाकावर ओढून आकडा वाचायची, "साखर एकशे बारा, पुढे," आणि तिचं "पुढे" संपायच्या आत धाकटीची बोटं मोकळी झालेली असायची.

धाकटीला ही नोकरी लागली तीही थोरलीमुळेच. लग्न होऊन आल्यावर धाकटी दिवसभर सासूबाईंच्या तावडीत सापडलेली. एका कपाचा कान तुटला तर त्यावर दुपारपर्यंत प्रवचन. थोरलीने ते पाहिलं आणि लॅबच्या मॅनेजरसाहेबांना सांगून टाकलं की माझी जाऊ हुशार आहे, जागा असेल तर बघा. जागा नव्हती, पण थोरली मागे लागली की साहेबांचंही काही चालत नसे.

धाकटीचा स्वभाव चिवट. घरात बरणीचं झाकण उघडलं नाही की बरणी तिच्याकडे जायची, आणि झाकण उघडेपर्यंत ती दुसऱ्या कशाला हात लावायची नाही. लॅबमध्ये तिला सगळे चिकटपट्टी म्हणायचे. म्हणून इकडची माहिती आपोआप तिकडे नेणारं नवं सॉफ्टवेअर आलं, आणि ते शिकायला कोण बसणार असं साहेबांनी विचारलं, तेव्हा बाकीच्यांनी चार हात लांब राहणं पसंत केलं आणि सगळ्यांच्या माना चिकटपट्टीकडे वळल्या. तीही हो म्हणाली.

शिकवायला आलेले सर आगगाडी सुटल्यासारखे बोलायचे. धाकटीला पहिल्या आठवड्यात ओ की ठो कळलं नाही. मग हळूहळू उमगलं की स्क्रीनवर चौकोन काढायचे आणि ते बाणांनी जोडायचे. पहिला चौकोन माहिती उचलतो, मधला ती निवडून, पाखडून साफ करतो, शेवटचा ती दुसऱ्या घरात नेऊन ठेवतो. इतकं साधं, आणि इतक्या ठिकाणी अडणारं. ती संध्याकाळी घरी येऊन जेवणाच्या टेबलावर सराव करत बसायची. तिच्या वाट्याची भांडी, तिच्या वाट्याची कणीक, तिच्या मुलीचा अभ्यास, सगळं थोरलीने न बोलता आपल्या अंगावर घेतलं. सासूबाईंनाही बजावलं, "तिला हाका मारू नका. काय हवं ते मला सांगा."

सरावाला म्हणून धाकटीने घरातल्या सगळ्यांच्या फोनमधले नंबर एकत्र केले. नाव सारखं असलं तर माणूस एक, असा नियम तिने घातला. आता आपल्याकडे नावं कुठे असतात? कोणाच्या फोनमध्ये मामा, कोणाच्या फोनमध्ये मामा. नवऱ्याचे सख्खे मामा, तिचे स्वतःचे मामा आणि नळ दुरुस्त करणारे मामा ह्या तिघांचा मिळून एकच मामा झाला. मोठ्या दिरांना बढती मिळाली म्हणून घरी जेवण ठेवलं होतं, त्याचं बोलावणं गेलं नळवाल्या मामांना. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले, पोटभर जेवले आणि जाताना मोरीचा वॉशर फुकट बदलून गेले. खरे दोन्ही मामा मात्र वर्षभर फुरंगटून बसले. थोरली हसून हसून खाली बसली. त्यानंतर नाव सारखं म्हणजे माणूस तोच, हे धाकटीने जन्मात धरलं नाही, आणि पुढे हजारो पेशंट जोडताना तेच तिच्या कामी आलं.

मग खरं काम आलं. यंत्राचा कॉम्प्युटर आणि रिपोर्टचा कॉम्प्युटर जोडायचे. धाकटीने ह्या टोकाला चौकोन काढला, त्या टोकाला काढला, आणि मध्ये बाण ओढला. जिथून तो बाण जात होता तिथे थोरलीची खुर्ची होती. तिची स्वतःचीही होती म्हणा, पण तिला नवी जागा कबूल झालेली होती. थोरलीचं पुढे काय, ते विचारायला ती साहेबांकडे गेली. साहेब म्हणाले, बघू, पण ठरेपर्यंत घरी बोलू नका.

साहेब काय, म्हणणारच. पण सांगायला हवं होतं ते हिने. एका घरात राहायचं, एका बसने यायचं आणि जायचं, आणि तरी हिचं तोंड उघडेना. सोमवारी ताईंचं डोकं दुखत होतं, मंगळवारी बसमध्ये गर्दी होती. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हटलं की कारणांना काय तोटा! मनाची समजूत तिने अशी घातली होती की ताईंसाठी दुसरी जागा पदरात पाडून घेऊ, मगच सांगू. त्यासाठी ती साहेबांशी भांडलीही. शेवटी पुढच्या काउंटरवर, पेशंटची नावं घेण्याचं काम थोरलीला द्यायचं ठरलं. पण साहेबांनी थोरलीला केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला आणि स्वतःच सगळं सांगून टाकलं. बाहेर आल्यावर थोरलीने चष्म्याची डबी उचलली, जेवणाचा डबा उचलला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा ती एकटी बसने घरी गेली.

धाकटी घरी पोचली तेव्हा थोरली मोरीपाशी भांडी घासत होती.

"ताई, मी सांगणारच होते."

"कधी?" थोरलीने मान वर केली नाही. "तू मला ते चौकोन दाखवलेस ना, मला त्याच दिवशी कळलं होतं. मी काय दुधखुळी आहे? खुर्ची आज ना उद्या जायचीच होती. तू नसतं केलंस तर दुसऱ्या कोणी केलं असतं. त्याचा राग नाही मला."

"मग?"

"रोज वाट बघत होते, आज सांगेल, उद्या सांगेल. तुझ्या वाट्याची भांडी घासत होते मी, आणि मला ते साहेबांच्या तोंडून कळावं?"

धाकटी रडायला लागली. थोरलीने तिची समजूत काढली नाही. हातातली काथ्याची घासणी तिच्या हातात दिली, "उरलेली तू घास," म्हणाली, आणि हात पुसून आत निघून गेली.

थोरली काउंटरवर रुजू झाली. दिवसभर उभं राहून तिचे पाय सुजायचे. धाकट्या जावेशी ती बोलायची, पण कामापुरतं. दोघी एकाच बसने जायच्या, थोरली खिडकीबाहेर बघत बसायची. ते पुष्कळ दिवस चाललं. मग मुलीच्या तापात, सासूबाईंच्या आजारपणात ते आपोआप सैल झालं. त्या दिवसाचा विषय मात्र दोघींनीही कधी काढला नाही.

धाकटीचं नशीब त्या सॉफ्टवेअरने पालटलं. आधी लॅबच्या सगळ्या शाखा, मग एक मोठं हॉस्पिटल, मग अशी कामं करणारी मोठी कंपनी. हाताखाली माणसं आली, तिला वेगळी खोली मिळाली. कामात ती पक्की होतीच, पण तिची एक खोड वरच्यांना फार खटकायची. कुठलंही काम हाती घेतलं की पहिला चौकोन काढायच्या आधी ती ते काम आज हाताने करणाऱ्या माणसापाशी जाऊन बसायची आणि सांगायची, "तुमचं हे काम जाणार आहे. ते मीच करणार आहे. तुमचं पुढे काय, ते मला अजून माहीत नाही. कळलं की मीच येऊन सांगेन." कोणी रडायचं. एका म्हाताऱ्या कारकुनाने तिला खोलीबाहेर काढलं होतं. साहेब लोक म्हणायचे, बाई, ह्याने लोक बिथरतात, काम लांबतं. ती ऐकायची आणि पुन्हा तेच करायची. ह्यापायी एकदा हातातोंडाशी आलेली बढतीही गेली, पण तिने खोड सोडली नाही.

थोरली नोकरीतून मोकळी झाली त्या वर्षी घरी पाहुणे आले होते. त्यांनी विचारलं, तुमच्या धाकट्या सूनबाई नक्की करतात काय? धाकटीच्या नवऱ्याने इतक्या वर्षांच्या सवयीने "कॉम्प्युटरचं काहीतरी" असं सुरू केलं आणि तिथेच अडखळला.

"लोकांची कामं काढून घेते ती," थोरली म्हणाली.

पाहुणे धाकटीकडे बघायला लागले. धाकटीने मान खाली घातली. कधीतरी हे ऐकावं लागणार, हे तिला माहीत होतं.

"पण आधी स्वतः जाऊन सांगते," थोरली म्हणाली. "मला विचारा. मी त्या लोकांकडे जाऊन चौकशी करून आलेय."