डिझेल महागलं आणि फेरी भरली

जन्मभर पन्नास-पन्नास माणसं पाठीशी घेऊन बस चालवलेला माणूस निवृत्त झाल्यावर काय करणार? पेपर वाचणार, नाहीतर बायकोच्या स्वयंपाकात लुडबुड करणार. ड्रायव्हरकाकांनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी एक जुनी बोट घेतली. डिझेलवर चालणारी, छोटीशी केबिन असलेली, रंगाचे पोपडे निघालेली. तिचा रंग त्यांनी स्वतः खरवडला, इंजिन उघडून पुन्हा बसवलं आणि दर रविवारी नदीतून वरच्या वळणापर्यंत जायचं ठरवून टाकलं. मागून कुणी ओरडणार नाही, कुणाचा स्टॉप चुकणार नाही, सुट्ट्या पैशांवरून वाद नाही. पॅसेंजर एकच, काकू. त्या मागच्या बाकावर स्वेटर विणत बसायच्या आणि एका शब्दानं तक्रार करायच्या नाहीत. काकांना वाटायचं, स्वर्ग म्हणतात तो याच्यापेक्षा काय वेगळा असेल?

मग एका सकाळी धक्क्यावरच्या पंपावर टाकी भरताना त्यांची नजर आकड्यांवर गेली आणि त्यांनी नळी बंद केली.

"ताई, मशीन बिघडलंय का तुमचं?"

पंपावरच्या ताईंनी हा प्रश्न सकाळपासून दहा जणांच्या तोंडून ऐकला होता. "मशीन ठणठणीत आहे, काका. कर बदललाय. बोटींच्या डिझेलवर रस्त्याचा कर नव्हता ना आजवर? ती सवलत आता मासेमारीच्या आणि प्रवासी बोटींनाच. हौसेच्या बोटींना गाडीच्याच भावानं."

"अहो, पण माझी बोट कुठं रस्त्यावरून जाते?"

"मला कळतंय हो. पण भाव मी ठरवते का?"

त्या बिचारीवर चिडून उपयोग नव्हता. काकांनी टाकी अर्धीच भरली आणि हात आखडता घेतला. आधी दर रविवारची फेरी महिन्यातून एकदा झाली, मग तीही बंद पडली. तरी रविवार उजाडला की ते धक्क्यावर जायचेच. बांधलेल्या बोटीत बसायचे, काच पुसायचे, पितळी कडी घासायचे, दोरी सोडून पुन्हा गुंडाळायचे.

"अहो, ही बोट आहे की शोकेसमधली बाहुली?" काकू एकदा म्हणाल्या. "नुसती पुसत बसलाय!"

शेजारच्या जागेवर एका दातांच्या डॉक्टरांची बोट होती. इतकी वर्षं दोघांची ओळख म्हणजे लांबून हात वर करायचा, एवढीच. त्या दिवशी डॉक्टर हातात थर्मास घेऊन या बोटीत आले आणि काही प्रस्तावना न करता म्हणाले, "काका, तुम्ही, मी, ती पार्लरवाली आणि पलीकडचे ते छापखानावाले बंधू. चौघंही जाणार त्याच वळणापर्यंत, आणि जायला पेटवणार चार इंजिनं. त्यापेक्षा एका रविवारी एकाच बोटीतून सगळे गेलो तर? डिझेल वाटून घेऊ. पुढच्या वेळी दुसऱ्याची बोट."

काकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मी, आणि पॅसेंजर? कारण शोधायला त्यांनी तोंड उघडलं, तोवर काकू विचारून मोकळ्या झाल्या, "कधी निघायचं?"

पहिली फेरी डॉक्टरांच्या बोटीतून झाली. काकांचा उजवा पाय सारखा फळीवर दाबला जात होता, जणू तिथं ब्रेक आहे. बरं, डॉक्टर चालवत होते इतक्या सावकाश की काठावरून कुत्र्याला फिरवायला निघालेली एक बाई त्यांच्या पुढे निघून गेली.

"डॉक्टर, संध्याकाळपर्यंत पोचू ना?"

"हळू गेलं की डिझेल निम्मं लागतं, काका. आणि तिकडे कोण आपली वाट बघतंय?"

हात रिकामे होते, म्हणून त्यांनी इकडेतिकडे बघायला सुरुवात केली. पुलाच्या कमानीखाली पाकोळ्यांची घरटी होती. एक खंड्या फांदीवरून दगडासारखा पाण्यात पडला आणि चोचीत मासा घेऊन वर आला. इतक्या रविवारी याच वाटेनं येऊन त्यांनी यातलं काही पाहिलं नव्हतं, कारण त्यांची नजर कायम समोर.

नंतरची पाळी पार्लरवालीची. तिची बोट म्हणजे सगळा खुला कारभार. "ज्याला हौस असेल त्यानं चालवा," म्हणून ती चहा ओतायला वळली. आणि विणकाम बाजूला ठेवून सुकाणूच्या चाकाशी कोण जाऊन उभं राहिलं? काकू! पूल आला. काकांचा पाय पुन्हा फळीवर दाबला गेला. काकूंनी वेग कमी केला, प्रवाहाचा अंदाज घेतला आणि बोट कमानीच्या बरोबर मधून काढली.

"कुठं शिकलीस हे?"

"इतकी वर्षं तुमच्या मागे बसून मी काय फक्त स्वेटर विणत होते?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

छापखानावाले बंधू खो-खो हसले. काकाही हसले, पण मनातून चांगलेच वरमले.

मग त्यांच्या स्वतःच्या बोटीची पाळी आली. जाताना काका भलतेच रंगात होते, मोडक्या झाडालासुद्धा स्टॉपचं नाव देऊन पुकारत होते. परत येताना मात्र त्यांना दरदरून घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि चाकावरचा हात सुटला. पुढचं त्यांना तुटक-तुटकच आठवतं. डॉक्टरांनी त्यांना बाकावर आडवं केलं, पार्लरवालीनं साखर पाण्यात विरघळवून घोट-घोट पाजली. आणि काकूंचा आवाज, जरासुद्धा न थरथरणारा, "दोरी तयार ठेवा, मी लावते धक्क्याला." बोट धक्क्याला टेकली तेव्हा धक्का म्हणून जाणवला नाही. सकाळी मधुमेहाची गोळी घेऊन ते न खाताच निघाले होते. साखर एकदम उतरली होती, दुसरं काही नव्हतं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

पुढच्या आठवड्यात काका पंपावर गेले तेव्हा तिथं नव्या कराच्या नावानं खडे फोडणं चालू होतं. भाव तसूभरही उतरला नव्हता. ताई त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "काका, तुम्हीही दोन शब्द सुनावून घ्या, आज सगळे तेच करतायत."

"कर लावणाऱ्याचे आभार मानण्याइतका मी काही मोठ्या मनाचा नाही," काका म्हणाले. "पण ताई, डिझेल स्वस्त असतं ना, तर त्या दिवशी नदीत आम्ही दोघंच असतो. ही माणसं मला कुठून मिळाली असती? आणि आमच्या हिला बोट चालवता येते, हे तरी कुणी सांगितलं असतं?"

ताईंना त्या दिवशी पहिल्यांदाच कुणी शिवी न देता पैसे दिले. त्यांनी काच पुसायचा नवा कपडा वर फुकट दिला.

पाळी खरं तर छापखानावाल्या बंधूंची, पण त्या रविवारी काकांनी हट्टानं पुन्हा आपलीच बोट काढली. सगळे चढल्यावर त्यांनी किल्ली काढून काकूंच्या हातात ठेवली आणि मागच्या बाकावर डॉक्टरांशेजारी जाऊन बसले. मांडीवर संत्र्यांची पिशवी घेतली. सोलून एकेक फोड ते पुढे देत राहिले, पहिली चाकाशी उभ्या असलेल्या काकूंना.