बसलेल्या माणसाची जागा

जळगाव स्टेशनवर मला सोडायला आई आणि नाना आले होते. आईच्या हातात बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, डबा होता, नानांच्या हातात माझं नेमणुकीचं पत्र. नाना म्हणजे माझे वडील. सगळी नोकरी त्यांनी वाचनालयात काढली, त्यामुळे छापलेल्या मजकुरावर ते सहसा विश्वास ठेवत नाहीत. ते पत्र त्यांनी फलाटावर तिसऱ्यांदा वाचलं.

"खेळाडूंच्या थकव्याचे व्यवस्थापन," ते मोठ्याने म्हणाले. "म्हणजे थकलेल्या पोरींना तू सांगणार की तुम्ही थकलात. त्यांना ते कळत नाही?"

"नाही कळत, नाना. म्हणून तर पगार देतात."

"डबा खाली ठेवू नको, कोणी पाय देईल," आई म्हणाली. निरोप म्हणून तिच्याकडून एवढंच मिळालं. गाडी हलली तेव्हा ती माझ्याकडे नाही, डब्याकडे बघत होती. जळगावातल्या आमच्या मेहरूणमधून, धुळ्याहून, जामनेरहून असे डबे घेऊन जे जे बाहेर पडले त्यांना हे वेगळं सांगायला नको. जे मागे राहिले त्यांना एवढंच सांगते, बिबड्यांचा चुरा झाला होता आणि मी तो नागपूरच्या आत संपवला.

ओडिशात मी ज्या व्यावसायिक महिला हॉकी संघात रुजू झाले, तिथे पहिल्याच आठवड्यात जर्सीचं अनावरण होतं. धूर सोडण्यात आला, डोक्यावरून ड्रोन फिरला. मालकांनी 'आपण सगळे एक कुटुंब आहोत' असं तीन भाषांत सांगितलं आणि विमान गाठायचं असल्यामुळे कुटुंबाबरोबर न जेवता ते निघून गेले. मुली तोपर्यंत दोन तास उभ्या होत्या. मी माझ्या वहीत पहिली नोंद केली: आजचा सर्वाधिक थकवा, समारंभ.

काम मात्र खरं होतं. रोज सकाळी प्रत्येक मुलीने फोनवर पाच प्रश्नांची उत्तरं द्यायची: झोप किती, पाय किती भरून आलेत, असं सगळं. सरावात पाठीवर एक छोटं यंत्र असे, ते कोण किती धावलं ते सांगे. दर सोमवारी उडी मोजणाऱ्या एका पाटीवर उभं राहून उडी मारायची. थकलेलं शरीर कमी उंच उडतं, तोंडाने काहीही म्हणो. हे सगळं संगणकात गेलं की नावांपुढे रंग उमटत. हिरवा म्हणजे खेळ, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे उद्या मैदानावर यायचं नाही. संघात बहुतेक मुली अठरा ते वीसच्या. या वयात हाडं अजून भरत असतात आणि सामने मात्र दिवसाआड.

दुसऱ्या वर्षी योगिता आली. एकोणीस वर्षांची, मधल्या फळीतली. उजव्या बाजूने चेंडू घेऊन निघाली की समोरच्या संघाला तिच्या पाठीवरचा नंबर पाठ व्हायचा. पहिल्या दिवशी मोजमाप घेताना मी कुणाशी तरी फोनवर मराठीत बोलले, ते ऐकून ती जवळ सरकली.

"मॅडम, तुमनं गाव जयगाव शे का?"

जळगावला जयगाव म्हणणारा माणूस मला दीड वर्षात भेटला नव्हता. आमच्या घरी नाना फक्त चिडले की अहिराणीत बोलतात, त्यामुळे मला ती भाषा ऐकून आधी दचकायला होतं आणि मग बरं वाटतं. ती धुळ्याकडच्या पिंपळनेरच्या पुढच्या एका पाड्यातली. मी पिंपळनेरला आयुष्यात एकदा गेले होते, एका लग्नाला. तरी आम्ही दोघींनी एका गावच्या असल्यासारख्या गप्पा मारल्या. लांब गेलं की अख्खा खानदेश एका गल्लीत मावतो.

तिची फोनवरची उत्तरं कायम सारखी असत. झोप उत्तम, पाय उत्तम, सगळं उत्तम. डिसेंबर संपता संपता तिच्या नावापुढे पहिल्यांदा लाल रंग आला. मी तिला सांगितलं, "उद्या सुट्टी. झोप काढ."

तिने मान हलवली. चेहरा असा झाला की जणू मी शिवी दिली. मला वाटलं, खेळायची हौस दांडगी आहे पोरीला. माझ्या शहाणपणावर मी खूश होते.

पुढच्या सोमवारी तिची उडी आणखी खाली आली. मी आणखी दोन दिवस सुट्टी दिली. उडी त्याहून खाली. मग आणखी तीन दिवस दिले. मी पाटी तपासून घेतली, यंत्र बदललं, तिला लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. सुट्टी घेतल्यावर माणूस आणखी थकतो, असं कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नव्हतं, आणि पुस्तकं मी बरीच वाचली होती.

जानेवारीतल्या एका सामन्यात तिसऱ्या सत्रात ती चेंडू घेऊन निघाली आणि मध्येच थांबली. पडली नाही, ओरडली नाही. चेंडू पुढे गेला आणि ती स्टिक टेकवून उभी राहिली. मी धावत गेले तर म्हणाली, "काही नही मॅडम, आते जास." आता जाते म्हणाली, पण पाऊल उचलेना.

उजव्या नडगीच्या हाडाला तडा गेला होता. डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरला आणि मला विचारलं, "ही मुलगी यावर किती दिवस पळत होती?" मी म्हणाले, "पळत नव्हती. तीन आठवड्यांत सहा दिवस सुट्टी दिलीय मी." त्यांनी माझ्याकडे बघितलं ते मला अजून आठवतं. कारण फोटोत जुना तडा, त्यावर भरत आलेलं हाड आणि त्यावर पुन्हा नवा तडा, असं सगळं स्पष्ट दिसत होतं.

मी तिच्या खाटेजवळ गेले. मी काही विचारायच्या आत तीच म्हणाली, "मी बसनू नही मॅडम. रोज पळनू. वॉचमनले ईचारा."

सुट्टीच्या प्रत्येक दिवशी, उजाडायच्या वेळी, पाठीवरचं यंत्र खोलीत ठेवून ती वसतिगृहामागच्या डांबरी रस्त्यावर तासभर पळत होती. आपण बसलेलो नाही हे कुणीतरी बघावं म्हणून फाटकासमोरून जात होती. बघत होता तो वॉचमन, आणि त्याला वाटे की हे मॅडमनीच सांगितलेलं असणार.

"कसाले गं?" मी विचारलं.

मग तिने सांगितलं. तिचे आईवडील दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जातात. तिकडे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एक बसला की दुसऱ्याचंही काम जातं. ती दहा वर्षांची असताना त्यांच्याबरोबर होती. आईला ताप आला. मुकादम झोपडीशी आला आणि अगदी मायेने म्हणाला, पड दोन दिवस, बरी हो. तिसऱ्या दिवशी आई उठून फडावर गेली. "तं मायनी जागावर दुसरी बाई लई उना मुकादम." भर हंगामात ते तिघं परत आले.

"तो बी तुमनासारखाच गोड बोले," ती म्हणाली. टोमणा नव्हता तो. तिने फक्त सारखेपणा सांगितला.

मी खुर्चीवर बसले. इतके दिवस मी माणसांचे थकवे मोजत होते आणि माझ्या मायेचा अर्थ तिच्या अंगात काय होतो हे मोजायचा रकाना माझ्या एकाही तक्त्यात नव्हता. पिंपळनेर माझ्या घरापासून अर्ध्या दिवसाच्या अंतरावर. तिथली निम्मी घरं हिवाळ्यात बंद असतात हे मला ओडिशात येऊन, क्ष-किरणांच्या फोटोतून कळलं.

मग मी तिला समजावलं. चांगलं अर्धा तास. इथे तसं नसतं, इथे करार असतो, विज्ञान असतं, आराम हा सरावाचाच भाग असतो. भाषणं करणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली. त्या दिवशी मीही एक केलं, आणि ते मला मनापासून खरं वाटत होतं.

संघाने कळवलं, आठ आठवडे घरी विश्रांती. ती म्हणाली, "घर कोन शे? कुलूप शे. बठ्ठा कोयतावर गयात." सगळे ऊसतोडीला गेलेले, होळीपर्यंत कोणी परतणार नव्हतं. मी आईला फोन केला. आईने एकच विचारलं, "ती तिखट खाते ना?" एक फिजिओ सुट्टीवर नाशिकला चालली होती, तिने योगिताला जळगावला उतरवलं. नाना रिक्षा घेऊन स्टेशनवर गेले.

नंतर फोनवर आई सांगायची, "जेवते, झोपते. दुपारी नाना तिला पेपरातला अग्रलेख वाचून दाखवतात, मग आणखी झोपते." नव्या फोटोत हाड छान भरत होतं. मी हंगाम संपायची वाट बघत होते.

होळीच्या आधी पुढच्या वर्षासाठी कायम ठेवलेल्या खेळाडूंची यादी आली. मी ती वरून खाली वाचली, मग खालून वर. योगिता नव्हती. व्यवस्थापकांना फोन लावला. ते म्हणाले, "मॅडम, यात भावनेचा प्रश्न नाही. तुमच्याच तक्त्यावरून ठरवलंय. सगळ्यात जास्त लाल तिचंच आहे."

मी फोन ठेवला आणि तक्ता उघडला. तो लाल रंग मी तिला जपण्यासाठी दिला होता.

हे फोनवर सांगणं मला जमलं नाही. चार दिवसांची रजा घेतली आणि मेहरूणला आले. भर दुपारी पोचले. आईने दार उघडलं आणि आधी तोंडावर बोट ठेवलं. आतल्या खोलीत योगिता पंख्याखाली झोपली होती. पाय उशीवर, तोंड उघडं. संघात तिच्या झोपेचे आकडे मी हंगामभर जमवले, पण ती झोपलेली मी पहिल्यांदा बघत होते.

चहाच्या वेळी तिला सांगितलं. यादी, लाल रंग, माझा तक्ता, सगळं. कुठेही काही लपवलं नाही. नानांनी चष्मा काढला. ती बशीत चहा ओतत राहिली.

"माले माहीत व्हतं, मॅडम."

"कधीपासून?"

"तुम्ही पहिली सुट्टी दी, तैपासून."

म्हणजे माझं अर्ध्या तासाचं भाषण तिने केवळ मान राखायला ऐकून घेतलं होतं. मी म्हणाले, "माहीत होतं, तर मग इथे का नाही पळालीस? दोन महिने एवढी शांत झोपलीस कशी?"

तिला प्रश्नच कळला नसावा. तिने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आठे कसाले पळू? आठून कोन काढस माले?"

इथून तिला कोण काढणार, हे ती मलाच विचारत होती. आई उठून आत गेली. नाना पेपर उलटा धरून वाचू लागले. एप्रिलमध्ये दुसऱ्या एका संघाची निवड चाचणी आहे, तिचा पाय तोवर तयार होईल, असं मी त्या दोघांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं. ती "हां" म्हणाली आणि बशी घासायला घेऊन गेली.

मग मी त्याच खोलीत जाऊन आडवी झाले. उशीत तिच्या तेलाचा वास होता. फोन बाहेरच्या खोलीत राहिला होता, तो आणायला उठावंसं वाटलं नाही. जाग आली तेव्हा अंगावर कुणीतरी चादर घातलेली होती आणि बाहेर आई आणि योगिता चक्क अहिराणीत कशावरून तरी हसत होत्या. मी कूस बदलली आणि पुन्हा झोपले.