एकाच पोटच्या दोघी

वलगावच्या वच्छलाबाईला नावं ठेवणाऱ्यांची जीभ झडावी. पण गावाला कोण आवरणार? "चार ओळी झाल्या का बसली धुऱ्यावर," म्हणून बाया हसायच्या. बसायची खरी ती बांधावर. पण पदर खोचून पुन्हा कपाशीत शिरायची, आणि असं उठतबसत तिनं तीस वर्षं नवऱ्याच्या, चंद्रभानच्या, बरोबरीनं सहा एकर ओढले.

तिच्या जिवाला घोर होता थोरल्या लेकीचा, प्रणालीचा. वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी प्रत्येकीचं गाठोडं काट्याला लागायचं. धाकट्या अपेक्षाचं चाळीस किलो भरायचं, प्रणालीचं पंधरा. मग वच्छलाबाईचं तोंड सुटायचं, तेही सगळ्या बायांसमोर.

"एकाच पोटच्या दोघी तुमी! तिले जमते, मंग तुले काहून नाई? अंग चोरून राहिली तू!"

"आई, पायात जोरच नाई वो," एवढंच प्रणाली म्हणायची. तिला दुसरं काही नको होतं. आईनं ते एकदा खरं मानावं, बस.

यंदा ती वेचता वेचताच कोसळली. अपेक्षा हट्टानं तिला आणि आईला अकोल्याला घेऊन गेली. तिघींच्या तपासण्या झाल्या, रिपोर्ट आले. डॉक्टर इशितानं समोर बसवून समजावलं.

"काकू, शरीराला ताकद पुरवणारे बारीक कण पेशींत असतात. ते फक्त आईकडून येतात. तुमच्यात काही चांगले आहेत, काही बिघडलेले. आईच्या पोटात अंडं तयार होताना पेशी विभागतात, तेव्हा त्यांची वाटणी सारखी होत नाही. अपेक्षाच्या वाट्याला चांगले जास्त आले, प्रणालीच्या वाट्याला बिघडलेले. तिनं अंग चोरलं नाही."

"माह्यापासून कसं येईन? मी तं धडधाकट हाये."

"हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठून दाखवा."

सहाव्या वेळी वच्छलाबाईनं टेबल धरलं.

दुसरी कुणी असती तर नशिबाला बोल लावून मोकळी झाली असती. या बाईनं तिथेच, परक्या माणसांसमोर, लेकीचा हात धरला. "चुकलं माह्यं. ज्या बायांसमोर बोलली, त्यायच्यासमोरच सांगीन." पोटच्या पोरीपुढे असं वाकायला काळीज लागतं, आणि ते तिच्याकडे होतं.

इशितानं कागद पुढे ओढला. "तुम्हाला हा थकवा कधीपासून आहे?"

"थकवा?" वच्छलाबाई गोंधळली. "लहानपनापासूनच हाये तो. मले वाटे सगळ्यायलेच असं होते. बाकीच्या बोलत नाईत, म्हून मीबी बोलली नाई."