मेव्हण्याच्या गालावरचा मासा

लोर्ना हुस्बीने सव्वीस वर्षं आमच्या गावच्या शाळेचं स्वयंपाकघर सांभाळलं आणि तेवढ्या काळात कुणालाही 'नाही' म्हटलं नाही. चर्चच्या तळघरातली जेवणावळ असो की गावाला गेलेल्या शेजारणीचं मांजर, सगळं तिच्याच गळ्यात. मिनेसोटात तोंडावर नकार देणं म्हणजे शिवी दिल्यासारखंच. म्हणून तर आम्ही ज्युरीतल्या बारा जणांनी तिलाच प्रमुख केलं.

खटला आर्लो ब्येर्केचा. त्याने भांडणात मेव्हण्याच्या गालावर फ्रीजरमधला मासा हाणला होता. मासा घातक हत्यार ठरला, तर आर्लो तुरुंगात जाणार. नुसती मारहाण ठरली, तर दंड भरून घरी. न्यायाधीशबाईंनी बजावलं होतं, आधी मोठ्या गुन्ह्याचा निकाल लावा. तो सिद्ध झाला नाही, तरच धाकट्याकडे वळा.

आम्ही काय केलं? वाद नको म्हणून ज्यावर एकमत होतं तो धाकटा गुन्हा आधी उरकला, मोठ्याची जागा कोरी ठेवली आणि कॉफी प्यायलो. बाईंनी कागद पाहिला आणि आम्हाला पोरांसारखं परत खोलीत पिटाळलं.

"हत्यारच ते," हार्डवेअरवाला गॉर्डन म्हणाला. "तीन किलोचा दगड म्हण ना! लिही लोर्ना, दोषी."

बाकी आम्ही दहा जण कपात बघत बसलो. लोर्नाने पेन उचललं, परत ठेवलं.

"नाही," ती म्हणाली आणि तिला ठसकाच लागला.

"काय म्हणालीस?"

"नाही म्हणाले. असला गोठलेला मासा माझ्या पायावर पडला होता, दोन बोटं मोडली. मेव्हण्याचा गाल बघितलास ना फोटोत? नुसता लाल. कॉलरवर पाणी नि खवले. बर्फ कधीच सुटला होता रे त्याचा. लिबलिबीत मासा कसलं डोंबलाचं हत्यार?"

"तू काय डॉक्टर आहेस?"

"दर शुक्रवारी चारशे पोरांना मासे तळून घालायचे. तुझी तिन्ही त्यातच होती."

गॉर्डनने कान खाजवला. "पण मारलं तर आहेच की."

"आहेच. ते खालच्या ओळीत लिहिते."

निकालानंतर बाहेरच्या पायऱ्यांवर आर्लो तिचे हात धरून म्हणाला, "लोर्नामावशी, उपकार झाले."

"कसले उपकार, मेल्या? दोषी ठरवलंय तुला. जा, मेव्हण्याची माफी माग."