न कापलेले टॉवेल

नातवंडांनो, व्हिडिओ कॉलवर माझा चेहरा काळपट दिसतो, तो तुमच्या मोबाइलचा दोष नाही. म्हणून नीट लिहिते आहे.

मेंदूच्या तळाशी पिट्यूटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी असते. माझी बिघडली आणि तिच्या हुकमावरून मूत्रपिंडांवरच्या दोन्ही अ‍ॅड्रिनल ग्रंथी अतोनात राबू लागल्या. काही वर्षांपूर्वी त्या काढल्या. तेव्हापासून मी गोळ्यांवर ठणठणीत आहे. पण हुकूम ऐकणारं कोणी उरलं नाही की पिट्यूटरी कधीकधी जास्तच ओरडते, फुगते, आणि कातडी काळी पडते. फार फुगली तर डोळ्यांच्या नसा दाबते. मग नाकातून शस्त्रक्रिया. या हिवाळ्यात मी काळवंडू लागले तेव्हा मला तीच धास्ती होती.

तपासणीच्या आदल्या दिवशी मंगळवेढ्याहून थोरल्या नणंदबाई आल्या.

"अगं, लई काळी पडलीस की! ह्ये त्वांड घिऊन डाक्टरकडं जानार?"

"वन्सं, तेच तर दाखवायचंय."

"गप बस."

त्यांनी सायीत बेसन आणि सढळ हाताने हळद कालवली. थोरल्या नणंदेला नाही म्हणणं मला पन्नास वर्षांत जमलेलं नाही.

डॉक्टरांनी फाइल पाहिली, मला पाहिलं, पुन्हा फाइल पाहिली. "काकू, तुम्ही तर पिवळ्या दिसताय. कावीळ?" ते लिव्हरच्या तपासण्या लिहू लागले, तेव्हा मला खरं सांगावं लागलं. इंग्रजीत सांगितलं, वन्सं शेजारीच बसल्या होत्या.

मग त्यांनी हिरड्या, तळहाताच्या रेषा आणि जुना व्रण पाहिला. सगळं काळं.

"तितं लावायचं ऱ्हायलंच," वन्सं हळहळल्या.

डॉक्टरांनी समजावलं: ग्रंथी हार्मोन आधी लांबलचक कच्च्या रूपात बनवते, मग त्याचे तुकडे करते. झपाट्याने वाढणारी ग्रंथी कच्चंच रक्तात सोडते. ते किती, हे मोजायचं.

सोबत आलेल्या तुमच्या आजोबांचा जन्म अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात गेला. ते म्हणाले, "म्हणजे मागावरून टॉवेल सलग उतरतात, मग कापतात. न कापलेले किती बाहेर चाललेत ते बघायचं!"

"अगदी बरोबर," डॉक्टर म्हणाले.

रक्त बर्फात घालून पुण्याला गेलं. शेतात हरभरा काढायला आला होता, तरी वन्सं परत जायचं नाव काढीनात. रोज सकाळी एकच प्रश्न: "आलं का गं त्ये?"

सहाव्या दिवशी आलं. कच्चा माल थोडा वाढलेला. एमआरआयमध्ये ग्रंथी किंचित मोठी, पण नसांपासून लांब. शस्त्रक्रिया नको; सहा महिन्यांनी पुन्हा पाहू.

"म्हंजी डोळ्यास्नी काय न्हाय?"

"नाही, वन्सं."

"मग झालं."

दुपारच्या एसटीने त्या निघाल्या. खिडकीतून माझा हात धरून बसल्या होत्या, तो कंडक्टर दोनदा ओरडल्यावर सोडला.